सही वेगळी, एन्क्रिप्शन वेगळं: एका अनुवादिकेच्या पत्राला उत्तर

पत्र:

"मी पुण्यात राहते आणि बरीच वर्षं जर्मन, इंग्रजी आणि मराठी अशी भाषांतरं करते. जर्मनीतल्या एका औषध कंपनीकडून मला चाचण्यांची कागदपत्रं येतात. रुग्णांच्या तक्रारी, संमतीपत्रं, डॉक्टरांच्या नोंदी असं सगळं त्यात असतं. आता त्यांनी कळवलंय की यापुढे पत्रव्यवहार 'सही केलेला आणि एन्क्रिप्टेड' हवा. एस/माइम किंवा ओपनपीजीपी, जे जमेल ते महिनाअखेरपर्यंत सांगा म्हणाले. बर्लिनची एक अनुवादक मैत्रीण म्हणते, पीजीपी घे, फुकट आहे. आमचे सीए म्हणतात, तुमची डीएससी आहेच की, तीच वापरा. (नवऱ्याच्या कंपनीत मी संचालक आहे, त्यासाठी ती काढली होती.) मुलगा म्हणतो, जीमेल मुळातच एन्क्रिप्टेड असतं, काही करू नकोस. आणि एका ओळखीच्यांनी तर भारतात असं करणं बेकायदा आहे म्हणून घाबरवून सोडलं. मी काय निवडू? जे निवडेन ते सगळ्याच मेलना लावायचं का? आणि किल्ली हरवली तर?"
एक अनुवादिका, पुणे

नमस्कार.

तुम्हाला महिनाअखेरची मुदत आहे, म्हणून निर्णय आधी सांगते. एस/माइम आणि ओपनपीजीपी या मेलवर सही करायच्या आणि तो किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करायच्या, म्हणजे एन्क्रिप्ट करायच्या, दोन पद्धती आहेत (ओपनपीजीपी मूळ पीजीपी या प्रोग्रॅमवरून आलं). या कंपनीसाठी एस/माइम घ्या. मैत्रिणीशी ओपनपीजीपी वापरायचं असेल तर ते नंतर जोडा. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये दोन्ही एकाच खात्यावर चालतात. डीएससी, म्हणजे सरकारमान्य डिजिटल सहीचं प्रमाणपत्र, या कामात आणू नका. मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, ओळखीच्यांचं मात्र मनावर घेऊ नका. आता कारणं सांगते, कारण ती नीट कळली नसतील तर पहिल्या अडचणीलाच माणूस हे सगळं बंद करून टाकतो. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये असं मला फार वाटतं. तुमच्या मेलमध्ये ज्यांचे आजार लिहिलेले असतात त्या माणसांना तुमचं नावसुद्धा माहीत नाही, आणि त्यांनी तुमच्यावर विश्वास टाकायचा की नाही हे त्यांना कुणी विचारलेलं नाही.

कंपनीने 'सही केलेला आणि एन्क्रिप्टेड' असं एका दमात लिहिलंय, पण ही दोन कामं आहेत आणि दोन्हींना लागणारी किल्ली वेगवेगळ्या माणसाची असते. तुमच्याकडे किल्ल्यांची जोडी असते. खाजगी किल्ली फक्त तुमच्याजवळ राहते, सार्वजनिक किल्ली कुणालाही द्यायची. मेलवर सही होते ती तुमच्या खाजगी किल्लीने, आणि समोरचा ती तुमच्या सार्वजनिक किल्लीने तपासतो. मेल तुमच्याच किल्लीने निघाला आणि वाटेत मजकुराचं एक अक्षरही बदललं नाही, एवढं त्यातून कळतं. पण नुसती सही केलेला मेल वाचायला सगळ्यांना मोकळा असतो. एन्क्रिप्शन होतं समोरच्याच्या सार्वजनिक किल्लीने, आणि उघडतं फक्त त्याच्या खाजगी किल्लीने. म्हणजे कंपनीला एन्क्रिप्टेड मेल पाठवायचा तर आधी कंपनीची किल्ली तुमच्याकडे हवी.

इथेच लोक अडखळतात. १९९९ साली अल्मा व्हिटन आणि डग टायगर या अमेरिकेतल्या संशोधकांनी १२ जणांना पीजीपी देऊन ९० मिनिटांत सही आणि एन्क्रिप्शन करून मेल पाठवायला सांगितलं होतं. एक तृतीयांश लोकांनाच ते जमलं. अनेकांनी समोरच्याऐवजी स्वतःच्याच किल्लीने मेल एन्क्रिप्ट केला आणि तिघांकडून तर गुपित उघडंच गेलं. शिकलेली, रोज मेल वापरणारी माणसं होती ती. तेव्हा सुरुवातीला गोंधळ उडाला तर तो स्वतःचा कमीपणा मानू नका.

मुलगा जे म्हणतो ते असं आहे. तुमच्या संगणकापासून गूगलपर्यंत आणि तिथून पुढच्या सर्व्हरपर्यंतचा प्रवास आज बहुधा टीएलएस या वाटेपुरत्या एन्क्रिप्शनने सुरक्षित असतो, मध्येच कुणी चोरून ऐकलं तर त्याला काही मिळत नाही. पण मेल गूगलच्या सर्व्हरवर पोचला की त्याच्या किल्ल्या गूगलकडे असतात. तुमचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला, तर इतक्या वर्षांतले सगळे रुग्ण त्याला एकाच वेळी सापडतील. जीमेलचा 'कॉन्फिडेन्शियल मोड' इथे उपयोगाचा नाही. तो फॉरवर्ड, डाउनलोडची बटणं काढून घेतो. मजकूर गूगलला वाचता येईल अशाच रूपात राहतो. सहीचंही तेच. जीमेल बाहेर जाणाऱ्या मेलवर डीकेआयएमची, म्हणजे मेल सेवेच्या नावाची, सही आपोआप करतं, पण ती सही 'हा मेल जीमेलवरून निघाला' एवढंच सांगते. तुमच्या खात्यात शिरलेल्या चोराने पाठवलेल्या मेलवरही तीच सही उमटेल.

आता एस/माइम की ओपनपीजीपी. आतलं गणित दोन्हींचं बरंचसं सारखं आहे, त्यामुळे कुठलं जास्त मजबूत या वादात वेळ घालवू नका. खरा फरक आहे तो 'ही किल्ली खरंच या बाईंची आहे' हे कोण सांगतं त्यात. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी लिहिलं तेव्हा हा अधिकार त्यांनी माणसांच्याच हाती ठेवला. मी तुम्हाला ओळखते, तुमची किल्ली मी स्वतः ताडून पाहिली, म्हणून ती खरी मानते. मध्ये कुठलंही कार्यालय नाही. हे साधन सत्तेला इतकं खुपलं की अमेरिकी सरकारने शस्त्रनिर्यातीच्या नियमांखाली झिमरमन यांची चौकशी लावली. ती १९९६ मध्ये सोडून दिली गेली. एस/माइम त्याच दशकात, १९९५ च्या सुमारास, कंपन्यांच्या जगातून आलं. त्यात तुमची ओळख प्रमाणपत्र देणारी एक संस्था तपासते आणि समोरच्याच्या सॉफ्टवेअरचा त्या संस्थेवर आधीपासून विश्वास असतो. आउटलुक, ॲपल मेल, आयफोन यांच्यात एस/माइम मुळातच आहे. ओपनपीजीपीसाठी तिथे वेगळं काहीतरी बसवावं लागतं.

मला स्वतःला पीजीपीमागचा विचार अधिक प्रिय आहे. तरी तुम्हाला एस/माइम सांगते, कारण ही निवड एकट्याच्या आवडीने करायची नसते. मोठ्या कंपन्यांत बहुतेकदा मेलचा गेटवे असतो. बाहेरून आलेला मेल कंपनीच्या दाराशीच उघडतो, तिथेच सही तपासली जाते, आणि आतल्या कर्मचाऱ्याला साधा मेल दिसतो. प्रमाणपत्र असेल तर गेटवे ते आपोआप तपासतो. पीजीपीची किल्ली मात्र तिथल्या कुणीतरी हाताने स्वीकारावी लागते. तो माणूस रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला की तुमचे मेल अडकून पडतात. त्यांनी 'जे जमेल ते' असं सौजन्याने म्हटलंय, पण रोजच्या रोज त्यांना कमी त्रासाचं जे आहे तेच टिकेल. समोरचा कंटाळला की एन्क्रिप्शन दोघांचंही बंद पडतं. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची कागदपत्रं उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांनी त्याआधी, डिसेंबर २०१२ मध्ये, नाव न सांगता पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना मेल करून पीजीपी बसवून घ्यायची विनंती केली होती. ग्रीनवाल्ड यांच्याकडून ते राहून गेलं. मग स्नोडेन माहितीपटकार लॉरा पॉइट्रस यांच्याकडे वळले, कारण त्यांना ते वापरता येत होतं.

गेटवे असेल तर तुमचं एन्क्रिप्शन कंपनीच्या दारापर्यंतच पोचतं, आतल्या माणसाच्या टेबलापर्यंत नाही. तुमच्या कामाला ते पुरेसं आहे असं मी मानते. कंपनीचा आग्रह युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहिती जपण्याच्या नियमावलीतून आलेला असणार. तिचं ३२ वं कलम सुरक्षेच्या उपायांत एन्क्रिप्शनचं नाव घेऊन सांगतं, आणि ९ वं कलम आरोग्याची माहिती विशेष जपायच्या माहितीत घालतं.

डीएससीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सीए मंडळींचा हा सल्ला मी वारंवार ऐकते. ते अगदीच चुकीचं बोलतात असं नाही. डीएससी हेही प्रमाणपत्रच आहे, आणि तांत्रिक रचना एस/माइमच्या प्रमाणपत्रासारखीच. पण तिच्यामागे २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज या सरकारी कार्यालयाचा परवाना असलेल्या संस्थाच ती देतात, आणि तिने केलेल्या सहीला कायद्याच्या ५ व्या कलमाने हाताच्या सहीइतकी मान्यता आहे. कंपनी मंत्रालयाचे फॉर्म, निविदा, करार यांच्यासाठी ती राखून ठेवा. 'फाइल मिळाली, परवा पाठवते' असल्या मेलवर ती वापरायचं काही कारण नाही.

शिवाय तुमची डीएससी बहुधा फक्त सहीची असेल. निविदा भरणारे सही आणि एन्क्रिप्शन अशी दोन प्रमाणपत्रं घेतात, संचालकाचं एकावर भागतं. मग कंपनीने तुम्हाला एन्क्रिप्टेड मेल पाठवायचा कशाच्या आधारे? आणि सगळ्यात व्यवहाराचा मुद्दा म्हणजे भारत सरकारचं मूळ प्रमाणपत्र, ज्याच्या भरवशावर सगळ्या डीएससी उभ्या असतात ते, जर्मनीतलं सॉफ्टवेअर ओळखेलच असं नाही. थंडरबर्ड आणि फायरफॉक्स मोझिलाची विश्वासयादी वापरतात, तिच्यात ते नाही, त्यामुळे थंडरबर्ड ते ओळखत नाही. जुलै २०१४ मध्ये एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं बाहेर पडली, तेव्हा विंडोजवरच्या बहुतेक प्रोग्रॅमना धोका होता आणि फायरफॉक्सला नव्हता, तो याच कारणाने. तुम्ही डीएससीने सही केलीत तर ती खरी असूनही त्यांच्या पडद्यावर इशारा उमटेल. असा इशारा रोज बाजूला सारायची सवय लागली की खोटी सही आली तरी कुणाचं लक्ष जाणार नाही.

याच निमित्ताने एक विचारते. तुमचं डीएससीचं टोकन, म्हणजे ती ज्यात असते तो पेनड्राइव्हसारखा तुकडा, आत्ता कुठे आहे? सीएंच्या कार्यालयात, एखाद्या खणात, पासवर्डच्या चिठ्ठीसकट? आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. खाजगी किल्ली स्वतःच्या ताब्यात राहील याची काळजी घेणं कायद्याच्या ४२ व्या कलमाने तुमच्यावर टाकलंय. त्या टोकनाने होणारी प्रत्येक सही तुमच्या नावावर जाते, मग तो कागद तुम्ही पाहिलेला असो वा नसो. सीए कितीही भरवशाचे असले तरी त्यांच्याकडे काम करणारी मुलं दर वर्षी बदलतात. टोकन घरी आणा, पासवर्ड बदला, फॉर्म भरायचा असेल त्या दिवशी स्वतः घेऊन जा. सीएंना वाईट वाटेल ही भीती मनात आणू नका. चांगले सीए हेच सांगतात.

एस/माइमचं प्रमाणपत्र एका ईमेल पत्त्याला बांधलेलं असतं. पुढेमागे स्वतःचं डोमेन घेऊन पत्ता बदलायचा विचार असेल तर तो आधीच बदला, नाहीतर पैसे दोनदा जातील. प्रमाणपत्रात नुसता ईमेल पत्ता तपासलेला असतो किंवा कागदपत्रं घेऊन नावही तपासलेलं असतं. पहिलं स्वस्त आणि झटपट मिळतं. कंपनीला कुठलं चालेल ते विचारून घ्या. आणि संस्था निवडताना एक प्रश्न नक्की विचारा: खाजगी किल्ली तयार कुठे होते? काही ठिकाणी ती संस्थेच्या सर्व्हरवर बनते आणि पी१२ फाइलमधून (प्रमाणपत्र आणि खाजगी किल्ली एकत्र असलेली, पासवर्डने बंद फाइल) तुमच्याकडे येते. सोयीचं वाटतं, पण मग तुमची खाजगी किल्ली तुमच्याआधी दुसऱ्याच्या हातून गेलेली असते. किल्ली तुमच्याच संगणकावर तयार व्हावी आणि संस्थेकडे फक्त तिचा सार्वजनिक भाग जावा, अशी सोय देणारी संस्था शोधा. या प्रमाणपत्राने केलेली सही आपल्या आयटी कायद्यातल्या सहीच्या तोडीची धरू नका. ती फक्त तुमचा मेल ओळखण्यापुरती आहे, करारावर डीएससीच लागेल.

घरगुती जीमेल ब्राउझरमध्ये एस/माइम चालवत नाही, ती सोय गूगलने संस्थांसाठीच्या काही सशुल्क योजनांतच ठेवली आहे. म्हणून थंडरबर्ड बसवा, खातं जीमेलचंच राहू द्या. खात्याच्या सेटिंग्जमध्ये 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' असं पान आहे, तिथे सहीचं आणि एन्क्रिप्शनचं प्रमाणपत्र निवडायचं. मग कंपनीला पहिला मेल फक्त सही करून पाठवा. सहीबरोबर तुमचं प्रमाणपत्र आपोआप जातं. त्यांचं सही केलेलं उत्तर आलं की त्यांचं प्रमाणपत्र थंडरबर्डकडे जमा होतं, आणि तिथून पुढे एन्क्रिप्शन सुरू करता येतं. मसुदेही एन्क्रिप्ट करून साठवायची सेटिंग त्याच पानावर आहे, ती चालू आहे ना ते पाहा. नाहीतर तुम्ही लिहीत असताना अर्धवट मसुदा गूगलच्या सर्व्हरवर उघडाच साठत राहील.

विषयाची ओळ एस/माइममध्ये उघडी राहते, पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव आणि वेळही. तेव्हा विषयात रुग्णाचा क्रमांक, आजार, औषधाचं नाव असलं काही लिहू नका. कामाचा क्रमांक पुरे.

आता अनुवादकांसाठी यातला सगळ्यात मोठा धोका सांगते, आणि तो मेलमध्ये नाहीच. कंपनीने एन्क्रिप्ट करून पाठवलेला परिच्छेद तुम्ही उघडला आणि फुकटच्या मशीन भाषांतराच्या पानावर चिकटवला, की सगळी मेहनत वाया गेली. तुमच्या भाषांतराच्या सॉफ्टवेअरची स्मृती, म्हणजे त्याने साठवलेली आधीची भाषांतरं, क्लाउडवर साठत असेल तरी तेच. लॅपटॉप चोरीला गेला आणि डिस्क एन्क्रिप्टेड नसली तरी तेच. विंडोजवर बिटलॉकर किंवा तिथली डिव्हाइस एन्क्रिप्शनची सोय, मॅकवर फाइलव्हॉल्ट चालू करा. भाषांतराची स्मृती स्वतःच्या यंत्रावर ठेवा. हे जमणार नसेल तर नुसत्या एन्क्रिप्टेड मेलने त्या रुग्णांचं फारसं रक्षण होत नाही, हे मला तुम्हाला स्पष्टच सांगायला हवं.

थंडरबर्डमध्ये मेलमधली बाहेरची चित्रं आपोआप उतरू देऊ नका. मुळात ती सोय बंदच असते, ती बंदच राहू द्या. मे २०१८ मध्ये म्युन्स्टर, बोखुम आणि लूव्हेन इथल्या संशोधकांनी 'ईफेल' नावाचा हल्ला जाहीर केला होता. पकडून ठेवलेल्या एन्क्रिप्टेड मेलच्या भोवती एचटीएमएलचं, म्हणजे वेबपानाच्या भाषेचं, जाळं विणून तो मेल तुम्हालाच परत पाठवायचा, तुमच्या प्रोग्रॅमने तो उघडला की बाहेरचं चित्र मागवण्याच्या निमित्ताने उघडलेला मजकूर हल्लेखोराकडे जायचा. एस/माइम आणि पीजीपी दोन्ही त्यात सापडले. पुढे प्रोग्रॅम सुधारले गेले, म्हणून थंडरबर्ड कायम अद्ययावत ठेवा.

आता किल्ली हरवण्याबद्दल. सहीची किल्ली गेली तर फारसं बिघडत नाही. नवं प्रमाणपत्र घ्यायचं, जुन्या सह्या जुन्या प्रमाणपत्रावर तपासता येतात. एन्क्रिप्शनची किल्ली गेली तर मात्र तोवर आलेला प्रत्येक एन्क्रिप्टेड मेल कायमचा बंद होतो. 'पासवर्ड विसरलात का' असा दुवा इथे नाही. गूगल, प्रमाणपत्र देणारी संस्था, कंपनी, कुणीही तो उघडून देऊ शकत नाही. साध्या वैयक्तिक एस/माइममध्ये दोन्ही कामांना बहुधा एकच किल्ली असते, म्हणून तिला एन्क्रिप्शनच्या किल्लीसारखंच जपा. ज्या दिवशी प्रमाणपत्र मिळेल त्याच दिवशी ते खाजगी किल्लीसकट पी१२ फाइलमध्ये काढा, लांब आणि वेगळा पासवर्ड द्या, दोन पेनड्राइव्हवर ठेवा. एक घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये. पासवर्ड त्याच पाकिटात ठेवू नका. ती फाइल स्वतःला मेल करून ठेवू नका, ड्राइव्हवर टाकू नका.

वर्ष-दोन वर्षांनी प्रमाणपत्राची मुदत संपेल आणि नवं येईल. जुनं पुसून टाकायचा मोह होईल, पण पुसू नका, जुने मेल त्याच किल्लीने उघडतात. चोरी झाली, लॅपटॉप गेला, तर संस्थेला लगेच कळवून प्रमाणपत्र रद्द करा आणि कंपनीला फोन करा. रद्द केल्याने पुढचे मेल सुरक्षित राहतात, चोराच्या हाती आधीच पडलेले जुने मेल मात्र नाही. सिग्नलसारख्या संदेशांच्या ॲपमध्ये किल्ल्या सतत बदलत असतात, मेलमध्ये मुदत संपेपर्यंत एकच किल्ली चालते. म्हणून काम संपलं, पैसे आले, करारातली मुदत झाली की मूळ कागदपत्रं आणि मेल खरंच पुसून टाका.

मैत्रिणीशी पीजीपी सुरू करायचं तर तेही सोपं झालंय. थंडरबर्डच्या २०२० मधल्या ७८ व्या आवृत्तीपासून ते आतच आहे, वेगळं काही लागत नाही. किल्ली तयार करताना तो जे पर्याय सुचवतो तेच ठेवा. ओपनपीजीपीचं नवं मानक २०२४ मध्ये आलं, पण जीएनयूपीजी या पीजीपीच्या जुन्या मोफत प्रोग्रॅमची मंडळी वेगळ्या वाटेने गेली आहेत. नव्या प्रकारच्या किल्ल्या सगळीकडे उघडतीलच असं आज धरता येत नाही. मैत्रिणीची किल्ली आल्यावर व्हिडिओ कॉल लावा आणि किल्लीचा ४० अक्षरांचा ठसा, म्हणजे तिची ओळखखूण, एकमेकींना वाचून दाखवा. कंटाळवाणं आहे, पण पीजीपीमध्ये खात्री देणारं दुसरं कुणी नसतं. किल्ल्यांच्या जुन्या सर्व्हरवर कुणीही कुणाच्याही नावाची किल्ली ठेवू शकत असे, तेव्हा नुसती सापडली म्हणून किल्ली खरी मानू नका. तुमची स्वतःची किल्ली रद्द करण्याचं प्रमाणपत्रही पहिल्याच दिवशी काढून त्या पेनड्राइव्हवर ठेवा.

सगळ्या मेलना लावायचं का, हे तुम्ही विचारलंत. कंपनीला सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही, नेहमी. बाकीच्यांना नको. सही केलेला मेल साध्या वेबमेलमध्ये उघडला की 'स्माइम डॉट पी-सेव्हन-एस' अशी अनोळखी फाइल जोडलेली दिसते, आणि लोक व्हायरस समजून तुम्हाला फोन करतात. सही करतानाही थोडा विचार करा. 'होय, मंजूर' एवढ्याच मजकुरावर सही केलीत, तर सही त्या दोन शब्दांवर होते, वरच्या विषयावर किंवा पत्त्यावर नाही. तोच सही केलेला मजकूर उद्या दुसऱ्या कुणापुढे, दुसऱ्या संदर्भात ठेवता येतो. म्हणून कुणाला, कुठल्या फाइलबद्दल, कुठल्या तारखेला मंजुरी देताय ते मजकुरातच लिहा.

आणि सहीचा तुम्हाला थेट फायदा कुठे आहे, तर बिलांत. अनुवादकाचं खातं फोडून 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' असा मेल ग्राहकाला धाडणं हा जुना आणि यशस्वी धंदा आहे. कंपनीच्या हिशेब विभागाला आत्ताच लिहून ठेवा की बँकेचे तपशील बदलल्याची सूचना माझ्याकडून सहीशिवाय कधीच येणार नाही, आणि सही असली तरी फोन करून खात्री करा.

इथल्या ग्राहकांना, समजा एखाद्या रुग्णालयाला, एस/माइम शिकवत बसू नका. त्यांना सेव्हन-झिप या फाइली बांधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एईएस-२५६ ही एन्क्रिप्शनची पद्धत निवडून, फाइलची नावंही झाकून, संग्रह पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा. त्याच मेलखाली दुसऱ्या मेलमध्ये पासवर्ड पाठवण्याला अर्थ नाही. नावाची चार अक्षरं आणि जन्मतारखेतले आकडे हा बँकेच्या विवरणपत्रांवरचा साचाही नको, तो ओळखीतल्या कुणालाही काढता येतो.

कायद्याचं. भारतात आपला मेल एन्क्रिप्ट करणं हा गुन्हा नाही. भीतीचं मूळ बहुधा इंटरनेट कंपन्यांच्या जुन्या परवान्यात आहे, त्यात ४० बिटांपेक्षा मोठ्या किल्लीसाठी परवानगी घ्या असं लिहिलेलं असे. रिझर्व्ह बँकेने मात्र २००१ मध्येच बँकांना किमान १२८ बिटांचं एसएसएल (टीएलएसचं जुनं रूप) वापरायला सांगितलं. आयटी कायद्याचं ८४-अ कलम सरकारला एन्क्रिप्शनच्या पद्धती ठरवण्याचा अधिकार देतं. २०१५ मध्ये तसा एक मसुदा आला आणि टीका होताच काही दिवसांत मागे घेतला गेला. खरं लक्षात ठेवायचं ते ६९ वं कलम. अधिकृत आदेश आला तर मजकूर उघडून देण्यात मदत करावी लागते, नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तसा आदेश कधी आलाच तर आधी वकील गाठा आणि कंपनीला काय कळवता येईल ते त्यांनाच विचारा.

फोनबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण पहिल्याच आठवड्यात तो प्रश्न येईल. अँड्रॉइडच्या जीमेल ॲपमध्ये हे मेल उघडणार नाहीत. आयफोनवर प्रमाणपत्र बसवता येतं. मी मात्र तुम्हाला किल्ली फोनवर ठेवू नका असंच सांगेन. फोन रिक्षात राहतो, दुरुस्तीला जातो, घरातल्या पोरांच्या हाती असतो. रुग्णांचे कागद टेबलाशी बसून उघडा आणि तातडीचं काही असेल तर फोन करा असं कंपनीला कळवा.

कंपनीला आज उत्तर लिहिताना एस/माइम घेत असल्याचं सांगा आणि तीन गोष्टी विचारा. नुसता ईमेल पत्ता तपासलेलं प्रमाणपत्र चालेल की नावही तपासलेलं हवं? एन्क्रिप्ट करताना एका व्यक्तीचं प्रमाणपत्र वापरायचं की कंपनीच्या गेटवेचं? आणि अडचण आली, किल्ली बदलली, तर फोनवर नेमकं कुणाशी बोलायचं? त्यांचं उत्तर आल्यावरच प्रमाणपत्राचे पैसे भरा.